एकाच गाण्यावर आयुष्य निघतं का? जॉन हार्टफोर्डच्या कमाईचा हिशेब

प्रश्न विचारणारे गृहस्थ पुण्यात नोकरी करतात, गिटार वाजवतात आणि मराठीत गाणी लिहितात. बँजो ऐकता ऐकता ते जॉन हार्टफोर्डपर्यंत पोचले. या माणसाने १९६७ साली 'जेंटल ऑन माय माइंड' नावाचं गाणं बाजारात आणलं, ते जगभर वाजलं आणि मग उरलेलं आयुष्य त्याने आगबोटी चालवण्यात आणि जुन्या फिडल (व्हायोलिन) वादकांच्या चाली गोळा करण्यात घालवलं, असं त्यांच्या वाचनात आलं. त्यांचे मुख्य प्रश्न दोन आहेत. त्याने तसं दुसरं हिट गाणं का दिलं नाही? आणि आपणही आधी एक हिट लिहून मग मनासारखं संगीत करावं, हा बेत शहाणपणाचा आहे का? जाता जाता त्यांनी एक गोष्ट सांगून टाकली आहे. एक छोटी कंपनी त्यांच्या तीन गाण्यांचे 'सर्व हक्क कायमचे' एकरकमी विकत घ्यायला तयार आहे, आणि रक्कम वाईट नाही.

मी अमेरिकेत, नॅशव्हिल या कंट्री संगीताच्या शहरात, म्युझिक पब्लिशिंगच्या, म्हणजे गाण्यांच्या शब्द-चालीचे हक्क सांभाळणाऱ्या धंद्याच्या, हिशेबखात्यात काम करतो. गाणं कोणी लिहिलं, कुठे वाजलं, किती पैसे आले आणि ते कोणाकोणात वाटायचे हे बघणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. शनिवार-रविवारी बँजो घेऊन जॅमला बसतो. तिथे माझं मत कोणी विचारत नाही आणि माझा बँजो ऐकल्यावर ते रास्तही वाटतं. त्यामुळे मी उत्तर देणार ते मुख्यतः हिशेबाच्या बाजूने.

तुम्ही जाता जाता सांगितलेली गोष्ट हाच तुमचा खरा प्रश्न आहे, असं मला वाटतं. हार्टफोर्डला एका गाण्याने आयुष्यभर पोसलं ते गाणं गाजलं एवढ्याचमुळे नाही. गाजलेल्या गाण्यांचे लेखक कर्जात मेलेले या शहराने भरपूर पाहिले आहेत. त्याला पोसलं कारण त्या गाण्याच्या प्रत्येक वाजण्यातला लेखकाचा वाटा त्याच्या नावावर राहिला, आणि दुसरं म्हणजे त्याने स्वतःच्या गरजा त्या वाट्याच्या बाहेर जाऊ दिल्या नाहीत.

आधी माणूस कोण ते सांगतो. जन्म ३० डिसेंबर १९३७, न्यूयॉर्कचा, पण वाढला मिसूरीतल्या सेंट लुइसमध्ये, मिसिसिपीच्या काठी. वडील डॉक्टर. मूळ आडनाव हारफर्ड. त्यातला 'ट' पुढे गिटारवादक आणि रेकॉर्ड-निर्माता चेट ॲटकिन्सच्या सांगण्यावरून आला. शाळेत रूथ फेरिस नावाच्या बाई होत्या, त्यांना वाफेच्या बोटींचं वेड होतं आणि ते त्यांनी या पोराला लावलं. दुसरं वेड लावलं अर्ल स्क्रग्जने. १९४५ च्या अखेरीस स्क्रग्ज बिल मन्रोच्या बँडमध्ये आला आणि तीन बोटांनी बँजो वाजवण्याची त्याची पद्धत पुढे ब्लूग्रास या अमेरिकन संगीतप्रकाराची ओळखच बनली. मँडोलिन, फिडल, गिटार, उभा बास आणि मधून सुसाट पळणारा बँजो, असा तो संच. स्क्रग्जला ऐकल्यावर आपल्याला काय करायचंय ते कळलं, हे हार्टफोर्ड आयुष्यभर सांगत राहिला. तरुणपणी स्थानिक नाचांच्या कार्यक्रमांत फिडल आणि बँजो, शिवाय रेडिओवर निवेदकाची नोकरी, असं करत १९६५ साली तो नॅशव्हिलला आला. इथे ग्लेझर बंधूंच्या पब्लिशिंग कंपनीशी त्याचा संबंध जुळला आणि पुढच्या वर्षी आरसीए कंपनीने त्याच्याशी रेकॉर्डचा करार केला.

आता ते गाणं. 'डॉक्टर झिवागो' सिनेमा बघून घरी आला आणि बसून लिहून टाकलं, असं तो सांगायचा. वेळ अगदी थोडा लागला. पण कागद पाहिला तर हे हिट व्हावं म्हणून लिहिलेलं गाणं वाटतच नाही. त्याला ध्रुवपद नाही. ओळी लांबलचक, वाक्य संपता संपत नाही, आतल्या आत यमकं, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी फक्त शीर्षकाचे शब्द येतात. विषयही धंद्याला न मानवणारा: कुठल्याही कागदाने न बांधलेला भटक्या, रेल्वेच्या रुळांकाठी फिरत असताना मनात राहिलेली बाई आठवतो. आजच्या कुठल्याही पब्लिशरकडे हे गाणं आणलंत तर पहिली सूचना येईल: शब्द अर्धे करा, ध्रुवपद घाला.

मग ते इतक्या जणांनी का गायलं? माझं निरीक्षण असं की चालीत गळ्याची कसरत नाही. बोलता बोलता गाता येतं. शब्द खूप आहेत, पण ते बोलण्याच्या लयीत पडतात, त्यामुळे कुठलाही चांगला गायक आपल्या ढंगाने ते म्हणू शकतो. ग्लेन कॅम्पबेलने १९६७ मध्ये ते गायलं. १९६८ साली फ्रँक सिनात्राने, १९६९ मध्ये एल्विस प्रेस्ली आणि अरीथा फ्रँकलिन यांनी. डीन मार्टिनचं तर १९६९ मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. या पाच गळ्यांत काहीही साम्य नाही. नुसती चाल चांगली असून भागत नाही, ती दुसऱ्याच्या गळ्यात मावावी लागते. स्वतःच्याच आवाजाला शिवलेली गाणी लेखकाला टाळ्या देतात, पण इतरांच्या रेकॉर्डमधून येणारे पैसे देत नाहीत.

गंमत म्हणजे कॅम्पबेलचं रेकॉर्ड पहिल्या क्रमांकावर कधीच पोचलं नाही. कंट्रीच्या यादीत ३० पर्यंत गेलं, आणि पॉपच्या यादीत पुढच्या वर्षी पुन्हा बाजारात आल्यावर ३९ पर्यंत. तरीही १९६८ च्या ग्रॅमी समारंभात या एका गाण्याने चार पारितोषिकं नेली, दोन कॅम्पबेलला आणि दोन हार्टफोर्डला. आणि १९९९ मध्ये लेखकांसाठी वाजवण्याचे पैसे गोळा करणाऱ्या बीएमआय या संस्थेने आपल्याकडच्या गाण्यांतून विसाव्या शतकात अमेरिकेच्या रेडिओ-टीव्हीवर सर्वाधिक वाजलेल्या शंभर गाण्यांची यादी काढली, तेव्हा हे गाणं सोळाव्या क्रमांकावर होतं. यादीतला क्रमांक हा त्या आठवड्यातली गर्दी मोजतो. माझ्या खात्यात जे येतं ते तीस वर्षांचं रोजचं वाजणं असतं. या दोन गोष्टींची गल्लत जवळजवळ सगळे नवे लेखक करतात.

इथे जरा थांबून पैशाचा मार्ग समजावून सांगतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. एका रेकॉर्डमध्ये दोन वेगळ्या मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक, आणि ती विशिष्ट आवाजात ध्वनिमुद्रित झालेली आवृत्ती ही दुसरी. शब्द-चाल म्हणजे जमीन धरा. प्रत्येक गायक येऊन तिच्यात आपलं पीक काढतो. पीक त्याचं, पण जमीनमालकाला खंड द्यावाच लागतो, आणि पिकं कितीही जणांनी काढली तरी जमीन एकच राहते.

अमेरिकेत या खंडाच्या दोन मुख्य वाटा. पहिली, विकल्या गेलेल्या प्रतीमागे. १९०९ च्या कायद्याने हा दर प्रतिगाण्याला दोन सेंट ठरवला आणि १९७७ संपेपर्यंत तो तिथेच राहिला. अडुसष्ट वर्षं! नंतर तो वाढत ९.१ सेंटवर आला, २००६ पासून २०२२ पर्यंत तिथे अडकला आणि २०२३ मध्ये १२ सेंट झाला. त्याच कायद्याने आणखी एक गोष्ट केली: गाणं एकदा बाजारात आलं की दुसरा कोणीही ठरलेला दर भरून ते रेकॉर्ड करू शकतो, लेखकाची परवानगी लागत नाही. एल्विसने हार्टफोर्डला विचारलं का, हा प्रश्नच येत नाही. दहा लाख प्रती विकल्या गेल्या तर दोन सेंटांच्या दराने वीस हजार डॉलर होतात. पब्लिशरबरोबर निम्मे-निम्मे धरले तर लेखकाच्या हाती दहा हजार. त्या काळात ही चांगली रक्कम, पण आयुष्यभराची नाही. मात्र लक्षात घ्या, अल्बममध्ये गाणं कितवंही असो, दर तोच. मोठ्या गायकाच्या अल्बममध्ये दुसऱ्या बाजूला तिसरं असलेलं, कोणाला नावही न आठवणारं गाणं लेखकाला गाजलेल्या गाण्याइतकेच पैसे देत असे. एक गाणं अनेकांच्या अल्बमांत जाण्याचं मोल त्यामुळे होतं. आज लोक एकेक गाणं सुटं ऐकतात, त्यामुळे ही वाट बुजत चालली आहे.

दुसरी वाट रेडिओ-टीव्हीवर वाजण्याची, आणि हार्टफोर्डच्या बाबतीत मोठी हीच. अमेरिकेत एएम-एफएम रेडिओ गाणं वाजवतो तेव्हा गायकाला किंवा रेकॉर्ड कंपनीला एक पैसाही देत नाही. देतो फक्त शब्द-चालीच्या मालकांना, बीएमआय किंवा अॅस्कॅपसारख्या संस्थांमार्फत. म्हणजे कॅम्पबेलचा आवाज रेडिओवर घुमायचा तेव्हा त्याचे पैसे हार्टफोर्डला आणि पब्लिशरला जायचे. कॅम्पबेलला त्यातून मिळायची ती प्रसिद्धी. जगात बहुतेक देशांत असं नाही, पण इथे आजही हेच चालू आहे. शिवाय बीएमआय लेखकाचा निम्मा वाटा थेट लेखकाला पाठवते, तो पब्लिशरच्या हातातून जात नाही. पब्लिशरने लेखकाला आगाऊ रक्कम दिली असेल तर ती तो प्रतीमागच्या पैशातून कापून घेतो, पण हा वाटा सहसा शाबूत राहतो. मी आजवर पाहिलेल्या बहुतेक गीतकारांच्या घरचं वाणसामान याच दर तिमाहीच्या चेकवर येतं.

या गाण्याने आपल्याला स्वातंत्र्य विकत घेऊन दिलं, असं हार्टफोर्डने अनेकदा बोलून दाखवलं होतं. त्याने या स्वातंत्र्याचं केलं काय, ते आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे नेतं.

त्याने लगेच संन्यास घेतला असं मुळीच नाही. तो लॉस एंजेलिसला गेला, स्मदर्स ब्रदर्सच्या टीव्ही कार्यक्रमात लिहू आणि वाजवू लागला, मग १९६९ पासून कॅम्पबेलच्या स्वतःच्या कार्यक्रमात प्रेक्षकांतून उठून बँजोवर ती धून सुरू करणारा माणूस म्हणून घरोघर माहीत झाला. बर्ड्स या रॉक बँडच्या १९६८ च्या कंट्री अल्बममध्ये त्याचा बँजो आणि फिडल आहे. एका टीव्ही गुप्तहेर मालिकेत मुख्य भूमिकाही देऊ केली गेली होती. ती त्याने नाकारली आणि तो नॅशव्हिलला परत आला. माझ्या हिशेबी त्याच्या आयुष्याची रेघ इथे वळते. भूमिका नाकारायला बँकेत फार मोठी रक्कम लागत नाही, पुढच्या तिमाहीला चेक येणार आहे एवढी खात्री पुरते.

परत येऊन त्याने नॉर्मन ब्लेक, व्हॅसर क्लेमेंट्स, टट टेलर आणि रँडी स्क्रग्ज यांना घेऊन १९७१ मध्ये 'एरिओ-प्लेन' हा अल्बम केला, वॉर्नर ब्रदर्ससाठी. निर्मितीला डेव्हिड ब्रॉमबर्ग. वाद्यं सगळी ब्लूग्रासची, वाजवणारे त्यातले अव्वल, आणि गाणी मात्र लांब केसांच्या, हसऱ्या, थोड्या चक्रम माणसाची. ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या कंट्री संगीताच्या रेडिओ कार्यक्रमाची जुनी वास्तू सोडायचा घाट घातला होता, त्यावर शोकगीत, वाफेवर उडणाऱ्या विमानाचं गाणं, असा मामला. कंपनीला याचं काय करावं कळलं नाही आणि अल्बम फारसा खपला नाही. पण पुढे न्यूग्रास म्हणून ओळखली गेलेली अख्खी शाखा इथून फुटली, असं त्या शाखेचा म्होरक्या सॅम बुश स्वतः सांगतो. पुढच्या वर्षी आणखी एक अल्बम केला, त्यात बासवर जॅझमधला डेव्ह हॉलंड. तोही तसाच गेला. मग हार्टफोर्डने वॉर्नर सोडलं आणि १९७६ पर्यंत स्वतःचा अल्बमच काढला नाही.

हा मधला काळ मला फार महत्त्वाचा वाटतो. दोन अल्बम पडलेला दुसरा कोणताही कलाकार पुढच्यासाठी कंपनी म्हणेल त्या निर्मात्याकडे, म्हणेल त्या चालीवर गेला असता. जावंच लागतं, घरभाडं थांबत नाही. हार्टफोर्डने त्या वर्षांत आगबोटीवर काम केलं आणि पायलटचा परवाना मिळवला. इलिनॉयमधल्या 'ज्युलिया बेल स्वेन' या सहलीच्या आगबोटीवर तो पुढे उन्हाळ्यांत सुकाणू धरायचा आणि तिच्यावर त्याने गाणंही केलं. मग १९७६ मध्ये शिकागोच्या फ्लाइंग फिश या छोट्या कंपनीसाठी 'मार्क ट्वँग' केला: एकटा माणूस, बँजो, फिडल, गिटार, आणि पायाखाली प्लायवूडची फळी. त्या फळीवर नाचून तो ताल द्यायचा. फळीला माइक लावलेला असे. नदीवरच्या गाण्यांच्या या अल्बमला पारंपरिक संगीताचं ग्रॅमी मिळालं.

एकट्याने कार्यक्रम करण्यात कला आहेच, पण मी हिशेबनीस असल्यामुळे मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. बँडच्या पाच जणांचे पगार नाहीत, पाच खोल्या नाहीत, ढोल-ताशे वाहणारी गाडी नाही. पाचशे माणसांच्या सभागृहातही हा माणूस फायद्यात. नव्वदच्या दशकात त्याने 'स्मॉल डॉग अ-बार्किन' हे स्वतःचं लेबलही चालवलं, म्हणजे पीकसुद्धा स्वतःचंच. नॅशव्हिलजवळ कंबरलँड नदीच्या वळणावर त्याचं घर होतं, बोटी दिसाव्यात म्हणून. या माणसाला महाग पडेल असा एकच शौक होता आणि त्यातही तो पगारी काम करत होता!

तर दुसरं हिट का नाही? आरसीएसाठी नंतरही त्याने बरीच गाणी केली, त्यांतलं कुठलंही त्या उंचीला गेलं नाही, हे खरं आहे. पण पहिलं लिहिताना तरी तो कुठे हिट लिहायला बसला होता? तो आधीही असलीच शब्दबंबाळ, तिरकी गाणी लिहीत होता आणि नंतरही लिहीत राहिला. त्यांतलं एक जगाच्या गळ्यात मावलं. फरक पडला तो इतकाच की बाकीची मावतात का, याची फिकीर करायची त्याला गरज उरली नाही.

शेवटची वर्षं तो फिडलकडे वळला. एड हेली हा वेस्ट व्हर्जिनियात जन्मलेला अंध फिडलवादक १९५१ मध्ये वारला होता. व्यावसायिक रेकॉर्ड त्याच्या नावावर नव्हतं, फक्त घरी केलेली ध्वनिमुद्रणं होती. हार्टफोर्डने ती ऐकून ऐकून, हेलीच्या गावी चकरा मारून त्याच्यावर संशोधन केलं आणि त्याच्या चालींचे अल्बम केले. यातून पैसा मिळण्याची शक्यता शून्य. स्वतःच्याही शेकडो चाली त्याने वह्यांत लिहून ठेवल्या. त्यांतल्या काही निवडून २०१८ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. कर्करोगाशी तो बरीच वर्षं झगडत होता. मे २००० मध्ये 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' सिनेमाच्या संगीताचा मोठा कार्यक्रम रायमन सभागृहात झाला, त्याचं सूत्रसंचालन त्यानेच केलं. ४ जून २००१ ला तो गेला. २०१० मध्ये ब्लूग्रासच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं.

आता तुमचा बेत, आधी हिट आणि मग मनासारखं. हार्टफोर्ड यासाठी वाईट उदाहरण आहे, कारण त्याने हा बेत केलाच नव्हता. हिट लिहायला रोज बसणारी माणसं वेगळी. फेलिस आणि बूडलो ब्रायंट या नवरा-बायकोचं बघा. गाणी लिहिणं हा त्यांचा पूर्णवेळ धंदा होता, जाडजूड हिशेबवह्यांत ते रोज लिहायचे. 'बाय बाय लव्ह' कित्येकांनी नाकारल्यावर १९५७ मध्ये एव्हर्ली बंधूंनी गायलं. 'रॉकी टॉप' त्यांनी १९६७ मध्ये गॅटलिनबर्गच्या हॉटेलात, दुसरंच संथ काम करताना कंटाळा घालवायला म्हणून काही मिनिटांत लिहिलं. ऑस्बोर्न बंधूंनी ते ब्लूग्रासमध्ये अजरामर केलं आणि १९८२ मध्ये ते टेनेसीच्या राज्यगीतांपैकी एक झालं. काही मिनिटांत लिहिलं हे खरं, पण त्याआधी हजारो गाणी वहीत उतरली होती. तुम्हाला तो रोजचा धंदा आवडत असेल तर तो बेत नसून करिअर आहे, जरूर करा. आवडत नसेल तर 'एकच लिहितो आणि सुटतो' हे जमल्याचं माझ्या खात्यात तरी मी पाहिलेलं नाही.

तिसरा रस्ता मला तुमच्या जवळचा वाटतो. लॅरी कॉर्डल हा केंटकीचा, व्यवसायाने हिशेबनीस. (माझा पक्षपात समजून घ्या.) नोकरी करता करता गाणी लिहायचा. त्याचं 'हायवे फॉर्टी ब्लूज' त्याच्या बालमित्राने, रिकी स्कॅग्जने, रेकॉर्ड केलं आणि १९८३ मध्ये ते कंट्रीच्या यादीत पहिलं आलं. त्यानंतर, १९८५ च्या सुमारास, तो हिशेबाचं काम सोडून नॅशव्हिलला पूर्णवेळ गीतकार म्हणून आला. क्रम बघा: आधी नोकरी आणि गाणी एकत्र, मग गाणं चाललं, मग नोकरी गेली.

यात परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत. रेडिओचा तो जमाना गेला. अमेरिकेत स्ट्रीमिंगच्या कंपन्या आपल्या उत्पन्नातला साधारण १५ टक्के वाटा शब्द-चालीच्या मालकांसाठी बाजूला काढतात आणि तो असंख्य गाण्यांत वाटला जातो. हार्टफोर्डसारखी स्थिर तिमाही मिळकत आज एका गाण्यातून यायला ते गाणं कितीतरी जास्त वाजावं लागेल. तुमच्यावर घराचं कर्ज किती, घरात दुसरं कोणी कमावतं का, हेही मला माहीत नाही, आणि उत्तर त्यावर बदलतं. महिन्याला तीस हजारांत भागणारा माणूस आणि दीड लाख लागणारा माणूस, यांना एकाच गाण्याचा चेक सारखाच येतो, पण त्यातून मिळणारं स्वातंत्र्य सारखं नसतं.

शिवाय भारताचा कायदा वेगळा आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सिनेमासाठी गीतकार-संगीतकारांनी केलेल्या कामाचा मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माता. त्यानंतर कित्येक दशकं आपल्याकडच्या मंडळींनी एकरकमी मोबदल्यावर गाणी दिली आणि ती जन्मभर वाजताना नुसती ऐकली. मराठीतही हेच झालं. २०१२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, त्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत लढा दिला होता. आता गीतकार आणि संगीतकार आपला कॉपीराइट कंपनीच्या नावे करून देऊ शकतात, पण त्या कामाच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला समान वाटा मागण्याचा हक्क ते करारानेसुद्धा सोडून देऊ शकत नाहीत. सिनेमासाठी लिहिलेल्या गाण्याला यात एक अपवाद आहे, तो सिनेमा थिएटरात दाखवण्यापुरता. सिनेमाबाहेरच्या गाण्यांनाही ही तरतूद लागू आहे. हा वाटा गोळा करणारी संस्था म्हणजे आयपीआरएस, स्थापना १९६९ ची. बदललेल्या कायद्याखाली तिची नोंदणी २०१७ मध्ये झाली.

म्हणून तुमच्या त्या कागदाबद्दल. मी वकील नाही, सही करण्याआधी कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला दाखवाच. पण त्याच्याकडे जाताना हे बघून जा. करारात 'सर्व हक्क कायमचे' असं असलं तरी रॉयल्टीच्या समान वाट्याबद्दल काय लिहिलंय? 'एकरकमी रकमेत सर्व रॉयल्टी समाविष्ट' असं वाक्य असेल तर तिथेच खूण करा, कारण कायद्याची गाठ नेमकी त्या वाक्याशी आहे. मुदत लिहिली आहे का? लिहिलेली नसेल तर भारतीय कायदा पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कंपनीने हक्क घेऊन वर्षभरात काहीच केलं नाही तर करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास ते परत तुमच्याकडे येतात. 'वेगळं' लिहिलं आहे का ते शोधा, बहुतेक लिहिलेलं असतं. आणि कंपनी शब्द-चाल घेतेय की फक्त तुमच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण, हे दोन वेगळ्या कलमांत स्पष्ट मागा.

रक्कम आणि तुमची निकड मला माहीत नाही, त्यामुळे देऊ नका असं मी सांगणार नाही. पैशाची खरोखर नड असेल तर ध्वनिमुद्रण विका, शब्द-चाल ठेवा. तेही नाही मानले तर तीनऐवजी एक गाणं द्या, मुदत घालून द्या. त्याआधी, म्हणजे याच आठवड्यात, आयपीआरएसचं सभासदत्व घ्या आणि तिन्ही गाणी तिथे स्वतःच्या नावाने नोंदवा. चाल दुसऱ्या कोणाची असेल तर त्याचा वाटा किती, ते त्याच्याशी बोलून लिहून ठेवा. वाट्याची भांडणं गाणं गाजल्यावर सुरू होतात आणि तेव्हा प्रत्येकाची आठवण वेगळी असते.

ऐकायला कुठून सुरुवात करू, हेही तुम्ही विचारलं आहे. आधी कॅम्पबेलचं रेकॉर्ड आणि लगेच हार्टफोर्डचं स्वतःचं, १९६७ चंच. मग अरीथा. त्यानंतर थेट 'मार्क ट्वँग'. 'एरिओ-प्लेन' थोडं थांबून ऐका. स्क्रग्ज आणि मन्रो कानात बसल्याशिवाय त्यातली अर्धी चेष्टा लक्षात येत नाही.